उद्या बाजारात भेटणारा श्रोता

आज एकाच प्रश्नाचं मनन करू. तुम्ही गात असा, वाजवत असा, लिहीत असा किंवा नुसते ऐकणारे असा, चालेल. पाठ टेकून बसा. वाचता वाचता जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा.

आधी तुमच्या गावाचे आवाज मनात येऊ द्या. मोबाइलमधले नकोत, गल्लीतले हवेत. मी माझ्या नंदुरबारचे सांगतो. पहाटे सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीचा भोंगा. नळाला पाणी आलं की हंड्या-कळशांची धांदल. दिवाळीनंतर मिरचीचा हंगाम भरात आला की बाजार समितीकडे वळणाऱ्या गाड्या. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते आणि वारं फिरलं की तिचा खकाणा थेट घरात येतो. रियाजाला बसावं तर पहिल्याच लांब सुराला ठसका. आमच्याकडे गाणारा माणूस हिवाळ्यात थंडीला भीत नाही, या खकाण्याला भितो.

त्या पथारीवर थोडा वेळ नजर ठेवा. तोंडाला फडकं बांधून बायका ओळीनं बसल्या आहेत. अंगठा आणि तर्जनी देठाशी जातात, हलका पीळ बसतो, देठ बाजूला पडतो, मिरची ढिगात जाते. बोलणं चालूच असतं. एक भिलीत विचारते, दुसरी अहिराणीत उत्तर देते, मोजमाप करणारा गुजराती वळणाच्या मराठीत आकडा ओरडतो. कुणाचं काही अडत नाही. बोटांचा ठेका बोलण्यावर चालतो की बोलणं बोटांवर, हे मला अजून उमगलेलं नाही. या ठेक्याजवळ जरा राहा. त्याला लगेच संगीत म्हणू नका, काम म्हणूनच ऐका. त्या बोटांची रात्री आग होते, तेही ध्यानात असू द्या.

आता तो प्रश्न. आपण कोणासाठी गातो, कोणासाठी लिहितो?

उत्तर देऊ नका, तसंच राहू द्या. आमच्यासारख्या लहान शहरातला वादक दहा ठिकाणी वाजवतो: लग्नात, सप्ताहात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, कुणाच्या दहाव्याच्या भजनात. मोठ्या शहरातला श्रोता तिकीट काढून येतो आणि अंधारातून निघून जातो. आपला श्रोता उद्या भाजीबाजारात भेटतो. मेथीची जुडी पिशवीत टाकत तो विचारतो, ‘भाऊ, काल ते दुसरं गाणं अर्ध्यातच का सोडलं?’ याहून मोठी समीक्षा मला कुठे मिळालेली नाही.

लिहिणाऱ्याचंही तसंच आहे. पथारीवरच्या मजुरीबद्दल लिहायला बसलो की समोर व्यापारीही ओळखीचा आणि मजूरही ओळखीचा. दोघांच्या डोळ्याला डोळा देऊन उभं राहता येईल असंच वाक्य कागदावर उतरवावं लागतं. कधीकधी हात आखडतो, हे खरं. पण ज्याला उद्या तोंड दाखवायचं आहे त्याच्याबद्दल खोटं लिहिणं फार अवघड असतं, आणि या अवघडपणाचे माझ्यावर उपकार आहेत. तुमच्या समोर असे कोण आहेत? एखादा चेहरा डोळ्यांपुढे आणा. एकच पुरे.

गाणं आणि शेजार यांचं नातं या मुलखात किती खोल गेलं होतं, ते आठवू. १९३७-३८च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुला महाराजांच्या भोवती आदिवासी मोठ्या संख्येनं जमू लागले. जमायचं कशाला, तर एकत्र आरती म्हणायला. त्या आरत्यांतून लोकांनी दारू सोडण्याचं मनावर घेतलं. १९३८मध्ये महाराज गेले, तरी त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी ते काम चालू ठेवलं. पुढे सत्तरच्या दशकात शहाद्याकडे जमिनीचा आणि मजुरीचा लढा उभा राहिला, त्यात पुढे असलेले अंबरसिंग महाराजही मुळात भजनं गाणारे. या माणसांच्या गळ्याची तयारी किती होती, हे आज कुणाला सांगता येणार नाही. पण म्हणणारा आणि ऐकणारा एकाच बांधावरचे होते. म्हणून शब्द घरापर्यंत गेला. मी हा धागा मनात पुन्हा पुन्हा फिरवतो. तुम्हीही फिरवून पाहा.

आता डोंगराकडे चला, अक्कलकुवा, धडगावच्या बाजूला. धुळ्यापासून १ जुलै १९९८ला वेगळ्या झालेल्या आमच्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार शंभरातली जवळपास सत्तर माणसं आदिवासी आहेत. दिवाळी झाली की त्यांतली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. त्यांच्याबरोबर ढोल वाजवणारे हात जातात, पावरी फुंकणाऱ्या छात्या जातात. मागे भिंतीला टांगलेला ढोल राहतो. महिने जातात. मग होळीआधीचे भोंगऱ्या बाजार भरू लागतात, माणसं परततात, आणि काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर नाच चालतो. मोरपिसांचे टोप, अंगावर पांढऱ्या नक्षीचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. कातडं सैल पडलं की ढोल आगीजवळ धरून शेकतात, बोटानं टिचकी मारून पाहतात, पुन्हा शेकतात. होळी पेटते ती पहाटे.

तो शेकणारा हात मनात ठेवा. आठ-पंधरा दिवसांपूर्वी तोच हात उसाच्या फडात कोयता धरून होता. त्याला कुणी कलाकार म्हणून मानधन देत नाही, आणि तो मागतही नाही. त्याचं वाजवणं गावाचं आहे, तसंच राहो. पण हाच ढोल आपण शहरात मिरवणुकीसाठी, पुढाऱ्याच्या स्वागतासाठी, शाळेच्या उद्घाटनासाठी मागवतो, तेव्हा काय होतं? जीप पाठवतो, जेवण घालतो, एक शाल देतो, फोटो काढतो. डीजेवाल्याला मात्र आगाऊ रक्कम मोजतो. हार्मोनियमवाल्या मास्तरांना सांगतो, ‘तुम्ही तर आपलेच.’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. ऐकून मी हसून मान डोलावली आहे आणि घरी येऊन भात्याच्या दुरुस्तीचे पैसे पुढच्या महिन्यावर ढकलले आहेत. आपलेपणा हवाच. पण ज्याला आपला म्हणतो त्याच्या घरी चूल कशावर पेटते, हे विचारणं आपलेपणात बसत नसेल, तर मला तो आपलेपणा पटत नाही.

आता मघाशी डोळ्यांपुढे आणलेला चेहरा पुन्हा पाहा. तो श्रोत्याचा असेल तर त्याला मनातल्या मनात विचारा, तुझ्यासाठी काय वाजवू? आणि तुम्ही स्वतः श्रोते असाल, तर एवढं करा. या वर्षी घरात लग्न असेल, वास्तुशांत असेल, पाड्यावर शाळेचा कार्यक्रम असेल, तर गावातल्या वादकाला बोलवा. ‘बिदागी किती द्यायची?’ हे तुम्हीच आधी विचारा, आणि ठरलेले पैसे तो वाद्य गुंडाळायच्या आत त्याच्या हातात ठेवा.