चार वाजताचा कॅन

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत कोल्ड्रिंकचे कॅन फुकट असतात. दुपारी चारला डोकं चालेनासं झालं की मी एक उचलतो. 300 मिलिलिटरच्या त्या कॅनमध्ये तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जमलं तर दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत राहा. बाबांना डायबेटिस आहे, त्यामुळे हे आकडे मला पाठ आहेत. तरी हात फ्रिजकडे जातोच.

मग सरकारने यात पडावं का? माझं पहिलं उत्तर होतं, नाही. मी सज्ञान आहे, शरीर माझं आहे, उद्या वडापाववरही कर लावाल!

ब्रिटनच्या साखर-कराबद्दल वाचल्यावर हे उत्तर डळमळीत झालं. तो मार्च 2016मध्ये जाहीर झाला आणि 6 एप्रिल 2018पासून लागू झाला. तो थेट गिऱ्हाइकाकडून नाही, कंपनीकडून घेतात, आणि साखर मोजून घेतात. 100 मिलिलिटरमध्ये 5 ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच नाही. 2018मध्ये लागू झाला तेव्हा 5 ते 8 ग्रॅमला लिटरमागे 18 पेन्स होते, 8 आणि त्यावर 24 पेन्स. मधल्या दोन वर्षांत निम्म्याहून अधिक उत्पादकांनी साखर कमीही करून टाकली.

पण स्कॉटलंडमध्ये 'आयर्न-ब्रू'ची रेसिपी बदलणार म्हटल्यावर चाहत्यांनी जुन्या चवीचे कॅन घरात भरून ठेवले. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. कुणीतरी त्यांना न विचारता त्यांची आवडती चव बदलली होती.

मात्र मूळची चव तरी त्यांना विचारून कुठे ठरली होती? शंभर मिलिलिटरला पाच ग्रॅम की दहा, हे ठरवताना मलाही कुणी विचारलेलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला हे चांगलं माहीत असतं: बहुतेक लोक सेटिंग बदलत नाहीत, त्यामुळे जो डिफॉल्ट ठरवतो तोच बऱ्याच जणांच्या वतीने निवड करतो. मी ज्याला माझं स्वातंत्र्य म्हणत होतो, ते कॅन उचलायचं की नाही एवढ्यापुरतंच होतं.

म्हणजे 'स्वातंत्र्य की सरकार' असा हा सामना नाहीच. कुणीतरी ठरवणारच आहे. प्रश्न आहे, त्याला जाब कुठे विचारता येतो? कराची तारीख आधी कळते, संसदेत वाद होतो, सरकार बदलता येतं. रेसिपी बंद खोलीत ठरते.

आपल्याकडे मात्र गोड कोल्ड्रिंकवर 40 टक्के जीएसटी आहे, आणि साखर नसलेल्या डाएट कोल्ड्रिंकवरही तेवढाच. टपरीवर बाटली घेणारा पोरगा तो भरतो, पण साखर कमी केली म्हणून कंपनीचा एक पैसाही वाचत नाही. पैसे त्याच्याकडून घ्यायचे आणि जिने साखर घातली तिला काहीच विचारायचं नाही, याला आरोग्याचं धोरण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर कॅन फुकटच असतो, त्यामुळे हा कर मला जाणवतसुद्धा नाही.