दुबळ्याचे सोंग

गेल्या दिवाळीत राजेश्वरच्या आमच्या घरी, माजघरात, भाचरे फासे टाकीत बसली होती. द्यूत समजून दटावावयास गेलो, तो तासभर तेथेच बसून राहिलो. एकजण कथा सांगतो. बाकीचे तीतील एकेक पात्र होऊन आपण काय करू ते बोलतात. यशापयश फासे ठरवितात. अशा खेळांचा आरंभ अमेरिकेत १९७४ साली झाला. भाचरे खेळत होती तो १९८६ सालचा, इंग्लंडातला. त्यात उंदीर पकडणे हाही पात्राचा एक रीतसर धंदा आहे, आणि थोरल्या भाच्याने हौसेने तोच घेतला होता. इतरांना तलवारबहाद्दर हवे होते. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामा, ज्याला काही इजाच व्हायची नाही, त्याने अंधाऱ्या तळघराचे दार उघडले तर त्यात धैर्य ते कोणते?"

विज्ञानेश्वराने जेथे मिताक्षरा रचली त्या कल्याणाच्या शेजारी वकिली करणाऱ्याला हे म्हणणे पटण्याजोगे होते. आमचा कायदा वीरपुरुषाला मोजमाप मानीत नाही. १८७२ च्या पुरावा अधिनियमात, आणि त्याच्या जागी २०२४ साली अमलात आलेल्या साक्ष्य अधिनियमातही, एखादी गोष्ट सिद्ध झाली की नाही याची कसोटी साधा, विचारी माणूसच आहे. नाथांनीही भारुडांत आंधळ्या-बहिऱ्याची, गोंधळ्याची सोंगे घेतली. राजाचे सोंग घेऊन ते बोलणे साधले नसते.

इतके मनाशी जुळवून मी संतुष्ट झालो होतो. तोच आमचे शेत कसणाऱ्याचा मुलगा उंबऱ्याशी उभा होता, त्याला भाच्यांनी आत बोलाविले. थोरल्याने प्रेमाने त्याच्यापुढे एक गरीब गाडीवान ठेवला. पोरगा हसला. "तसला मी रोजच असतो. मला राजा द्या."

तेव्हापासून विराटपर्व माझ्या मनातून जात नाही. अज्ञातवासात युधिष्ठिर कंक झाला. विराटाने रागाने फासे तोंडावर फेकून मारले, नाकातून रक्त आले, तरी तो गप्प राहिला. ही क्षमा थोर खरी. पण वर्ष सरताच राज्य मागावयाचे आहे हे त्याला ठाऊक होते. कीचकाने भर सभेत लाथ मारली ती मात्र सैरंध्रीला. त्या वेळी याच कंकाने तिला ऐकविले की, नटीसारखी रडून तू राजाच्या द्यूतात विघ्न आणतेस. सोंग दोघांचेही होते, हे खरे. तरी त्याला ते सोंग म्हणून आठवत होते. तिच्या अंगावर लाथ पडली होती. सोंग उघडे पडू नये म्हणून तो तसे बोलला, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. वकील म्हणून तो युक्तिवाद मी करीनही. तो मला पटत मात्र नाही.

भाच्याचे चुकले असे मी म्हणत नाही. दुर्बळ होऊन पाहिल्याखेरीज धैर्य म्हणजे काय ते कळत नाही, हे त्याचे खरेच आहे. पण दुर्बळ होऊन पाहण्याची हौस ज्याला परवडते, त्याने ती दुसऱ्याला भेट म्हणून देऊ नये. निदान आधी विचारावे.

पोराला राजा मिळाला. उंदीर पकडणारा तिसऱ्याच फाशाला तळघरात मेला. भाच्याने दुसरा कागद ओढला आणि पुन्हा तसलाच एक माणूस लिहावयास घेतला. राजा तोवर आपली पाळी मागत होता.