उसनी माती

उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅना परगण्यात बो नावाचं खेडं आहे. तिथल्या चर्चच्या आवारात जेम्स मॅकगर या पाद्र्याची कबर आहे. ते १८१५ साली वारले. आपल्या कबरीवरची माती आपल्यामागे लोकांना बरं करील, असं ते सांगून गेले, ही तिथली श्रद्धा. आजाऱ्यासाठी चिमूटभर माती फडक्यात बांधून नेतात, उशीखाली ठेवतात, पाद्र्यासाठी प्रार्थना करतात आणि चार दिवसांत माती जिथली तिथे आणून टाकतात. याच परिसरातल्या मातीत शास्त्रज्ञांना स्ट्रेप्टोमायसिस गटातला एक जीवाणू सापडला. औषधांना न जुमानणाऱ्या काही रोगजंतूंना तो प्रयोगशाळेत रोखतो, हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. श्रद्धा खरी ठरली, असं यावरून म्हणणं मला घाईचं वाटतं. उशीखालच्या पुरचुंडीतला जीवाणू रोग्याच्या रक्तात उतरत नाही. मातीचा गुण सिद्ध झाला, श्रद्धेचा नव्हे. श्रद्धेचं मोल पाहायचं तर माती परत करण्याच्या त्या अटीकडे पाहावं लागतं.

अशाच अटी आयर्लंडमधल्या दुसऱ्या लोकोपचारांतही दिसतात. तिथल्या खेड्यांत एखाद्या घराण्याच्या हाताला भाजल्यावरचा किंवा नागिणीवरचा गुण असतो, अशी समजूत आहे. बाप वारल्यावर जन्मलेल्या मुलाने फुंकर घातली की तान्ह्याचं आलेलं तोंड बरं होतं, असं मानतात. हा गुण कमावलेला नसतो, म्हणून विकायचा नसतो. पैसे घ्यायचे नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी रोग्याने आभारही मानायचे नाहीत. ज्याच्या हाती सामर्थ्य, बंधन त्याच्यावरच. ‘हे माझं नाही’ हा भाव इतक्या काटेकोरपणे पाळणं, हीच मला यातली धर्माची बाजू वाटते.

यावर सर्वांत जड आक्षेप ब्रिजेट क्लिअरीच्या मरणाचा. १८९५ च्या मार्चमध्ये टिपरेरी परगण्यातली ही २६ वर्षांची बाई आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, पऱ्यांनी तिच्या जागी दुसरीच कुणी ठेवली आहे, असं नवऱ्याने धरलं. दुधात उकळलेल्या वनस्पती तिला बळजबरीने पाजल्या, ‘तू कोण?’ म्हणून पुन्हापुन्हा दरडावलं, शेवटी जाळलं. त्या वनस्पती आणि पऱ्यांवरचा तो विश्वासही याच लोकोपचारांच्या परंपरेतले. म्हणून सगळी परंपराच टाकावी, हे म्हणणं सहज बाजूला सारता येत नाही. पण इथे सगळी सक्ती रोग्यावर झाली आणि उपचार करणाऱ्यावर एकही बंधन उरलं नाही. नवऱ्याने स्वतःच्या खात्रीला मर्यादा ठेवली नाही, आणि बोच्या श्रद्धेत तर ती मर्यादाच मुख्य आहे. दुसरा आक्षेप, अशाने डॉक्टरकडे जायला उशीर होतो. तो खरा आहे. मात्र आयर्लंडमध्ये आजही डॉक्टरचं औषध चालू ठेवूनच पुष्कळ माणसं नागिणीसाठी गुण असलेल्याचं दार ठोठावतात, आणि तिथे त्यांना औषध बंद करायला सांगितलं जातं का, हे आधी विचारायला हवं.