उष्टा धोटा

मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला. पण अस्पृश्यांना तेथे मज्जाव होता. कांडी बदलली की धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचा उष्टा धोटा सवर्ण कामगाराला चालेना. म्हणजे वाट अडवली ती सोबत्यानेच. मालक हात झटकून मोकळे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा नाखुशीने का होईना, त्यांना तो मागण्यांत घ्यावा लागला.

बंधूंनो, आजही कचेरीत कोणी आडनाव विचारून चहाचा कप वेगळा ठेवला आणि आपण बोललो, की ऐकावे लागते, ‘एकी मोडू नका.’ कप वेगळा झाला तेव्हाच ती मोडली नव्हती काय? आपलेच काही उपासक या गप्प बसण्याला क्षांती म्हणतात. मला ते पटत नाही. तक्रारीचा अर्ज शांत चित्तानेही लिहिता येतो.