दंतकथेचे ऋण

उटनूरच्या डोंगराळ मुलुखातील केसलापूरला आम्ही गेलो, ते नागोबाची कथा ऐकण्यासाठी. नागोबा हे मेसराम कुळातील गोंडांचे दैवत. पौष अमावास्येच्या पूजेसाठी ते गोदावरीचे पाणी अनवाणी चालत आणतात. अशी कथा खरी की खोटी, हा प्रश्न सुशिक्षित पाहुण्याच्या मनात येतोच. आम्हांस तो गौण वाटतो. खरा प्रश्न ऐकणाऱ्याच्या वर्तनाचा आहे. याच डोंगररांगांत, जोडेघाटला, जल, जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी लढताना १९४० साली कुमरम भीम धारातीर्थी पडले. बाहेरून येऊन येथे जमिनी कसू लागलेल्यांत मराठी शेतकरीही होते. देवापुढे हात जोडायचे आणि त्याच्या लेकरांच्या गेलेल्या जमिनीविषयी मौन पाळायचे, ही भक्ती नव्हे. आपले शेत पूर्वी कोण कसत होते, हे मुलांना सांगणे ही या ऋणाची पहिली फेड होय.