बाईंनी जरा बाहेर थांबा

"बाईंनी जरा बाहेर थांबा," असं म्हणत ब्रदरने पडदा ओढला. मामांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते आणि लघवीची नळी तपासायची होती. मामी निमूट बाहेर येऊन बाकावर बसली. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला तो नळी आणि पिशवीसकट. कालपर्यंत जे तिने पाहायचंही नव्हतं, ते सगळं आजपासून तिनेच करायचं!

एसटीत चारचौघांना दिसू नये म्हणून मामांनी ती पिशवी कापडी थैलीत घालून मांडीवर घेतली. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली लोंबती हवी, नाहीतर लघवी मागे फिरते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला ते कळलं चार दिवसांनी, थंडी वाजून ताप भरल्यावर.

सर्जनने आपलं काम चोख केलं होतं. पण गाठ काढणं आणि माणूस सावरणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम आपण कुणालाच नेमून दिलेलं नाही, म्हणून ते बायकोच्या पदरात पडतं. पगार नाही, शिक्षण नाही, वर "तुला काय कळतंय" आहेच.

ऑस्ट्रेलियात २०१२ पासून केवळ या आजारासाठी खास परिचारिका नेमल्या जातात. ब्रिटनमध्ये अशा परिचारिकेला रुग्णाची जोडीदारही फोन करू शकते. या परिचारिका काही जादू करत नाहीत. खोकलं-शिंकलं की लघवी का सुटते, मधेच धार अडवताना जो स्नायू आवळतो तो रोज आवळायचा-सोडायचा व्यायाम कसा करायचा, डायपर किती दिवस लागेल, हे त्या नीट बसून सांगतात. आणि शरीरसंबंधांचं काय होणार, हेही सांगतात.

इथे आपले आवाज खाली येतात. "आता या वयात काय करायचंय?" असं म्हणून डॉक्टर हसतात, नातेवाईकही हसतात. कुणी ठरवलं हे? हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो आणि ते हार्मोन तोडलं की आवरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिलं. त्याबद्दल त्यांना १९६६ चं नोबेलही मिळालं. हार्मोन तोडणाऱ्या इंजेक्शनांचा खर्च झेपत नाही म्हणून आपल्याकडे अनेकांची वृषणं काढतात. कागदावर सही घेताना त्याला "छोटंसं ऑपरेशन" म्हणतात. मग अंगातून वाफा निघतात, छाती भरते, हाडं ठिसूळ होतात, इच्छा मरते, कारण नसताना डोळे भरून येतात. पाळी जाताना या वाफा बायकोने स्वतः सोसलेल्या असतात. कुणी आधी सांगितलं असतं, तर पंखा लावून ती शेजारी बसली असती. सांगितलेलं नसतं, म्हणून तिला वाटतं की नवरा आपल्याला टाळतोय. आणि त्याला वाटतं, आपण पुरुषच राहिलो नाही.

र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं १९२७ साली. अश्लीलतेचे खटले अंगावर घेऊन त्यांनी शरीरसंबंधांच्या गोष्टी मराठीत छापल्या. त्याला शतक होत आलं. मी मात्र नातेवाइकांना "मुतखड्याचं ऑपरेशन" असंच सांगितलं होतं. तेव्हा इतरांना नावं ठेवायचा फारसा हक्क मला नाही.

नर्स आधीच कमी, त्यात हे लाड कुठले, असं कुणी म्हणेल. सलाईन आणि फाइली सांभाळणाऱ्या सिस्टरला आणखी एक काम चिकटवून भागणार नाही, हे खरंच आहे. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण हवं, वेगळी खोली हवी, त्या कामाचा वेगळा पगार हवा. आणि पुरुषांच्या अशा आजारात काम करते म्हणून नर्सकडे वाकड्या नजरेने बघणारे आपण, ती नजर सरळ करायला तर सरकारी जीआर लागत नाही ना? ऑपरेशनच्या आधीच दोघांना एकत्र बसवून अर्धा तास बोलणं, एवढ्यापासून कुठलंही इस्पितळ सुरुवात करू शकेल.

मामीला तो अर्धा तास मिळाला नाही. दहा मिनिटं मिळाली, तीही तीन महिन्यांनी, तपासणीला गेल्यावर. ड्यूटी संपवून निघालेल्या एका वयस्कर सिस्टरने तिला जिन्यापाशी एकटीला बसलेलं पाहिलं आणि विचारपूस केली. मामी आधी औषधांबद्दल बोलली, मग पथ्याबद्दल. सिस्टर उठायला लागल्या तेव्हा तिने त्यांचा हात धरला आणि विचारलं, "मी अजून बाहेरच्या खोलीत झोपते. शेजारी झोपले, झोपेत हात लागला, तर त्यांना काही होणार नाही ना?"