चिठ्ठीवरची सही

शाळेत आरोग्य तपासणी असली की पालकांच्या सहीसाठी चिठ्ठी घरी जाते. दुसऱ्या दिवशी झाडून साऱ्या चिठ्ठ्या सह्यांनिशी परत येतात. मजकूर फारसे कोणी वाचत नाही. खाली मुख्याध्यापकाचे नाव आहे, एवढे पुरते. या विश्वासाचा मला अभिमान वाटत असे.

चीनच्या हुनान प्रांतातील एक प्रकरण वाचले आणि तो अभिमान जरा खुपू लागला. २००८ साली तिथल्या एका प्राथमिक शाळेत सहा ते आठ वर्षांच्या काही मुलांना दुपारच्या जेवणात एकदाच ‘गोल्डन राइस’चा भात वाढला गेला. तांदूळ जड पाण्यावर वाढवलेला. या पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणूत एक न्यूट्रॉन अधिक असतो, इतकेच. त्यात किरणोत्सार नाही. आपल्या विहिरीच्या पाण्यातही तो किंचित असतोच. अशा रोपाच्या दाण्यातले बीटा-कॅरोटीन अंमळ जड होते. मुलाच्या अंगी त्याचे अ जीवनसत्त्व बनले, की यंत्र रक्तात नेमके ओळखते : हे आधीचे, हे आजच्या भातातले. खूण करण्याची याहून निर्मळ रीत मला ठाऊक नाही.

मळ होता तो चिठ्ठीत. तांदूळ जनुकीय बदल केलेला आहे, हे पालकांना सांगितलेच नव्हते. २०१२ साली निबंध छापून आल्यावर गहजब झाला, आणि २०१५ साली नियतकालिकाने तो मागे घेतला. आकडे खोटे म्हणून नव्हे. रीतसर संमतीचा पुरावा नाही म्हणून.

आमचे विज्ञान शिक्षक म्हणाले, “सर, अपाय कुणालाच झाला नाही. अ जीवनसत्त्वावाचून मुलांची दृष्टी जाते, त्याचे काय? सगळे सांगितले असते तर घाबरून कुणी सही केली नसती.”

त्यांचे शेवटचे वाक्यच मला अडते. नकार येईल हे दिसत होते, म्हणून प्रश्नच विचारला नाही! अमेरिकेतील फर्नाल्ड शाळेत १९४६ ते १९५३ या काळात मुलांना किरणोत्सारी लोह व कॅल्शियम घातलेले खाणे दिले, तेव्हाही पालकांच्या पत्रात तो शब्द नव्हता. मात्रा अल्पच होती म्हणतात. पण मात्रा मोजणारा एक आणि लेकरू दुसऱ्याचे, हे कसे विसरावे?

यंदा जंताच्या गोळ्यांच्या चिठ्ठीत मी औषधाचे नाव, कारण आणि पोटात थोडे मळमळेल हेही लिहिले. सात चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. एका मुलीची आई चिठ्ठी घेऊन थेट कार्यालयात आली. “सर, एवढं लिवलंय म्हणजे काय भ्यायचं हाय काय?” मी त्यांना बसायला सांगितले. तास बुडाला.